दुपारी घसरणारा डेल्टा, आणि लेझरने आयसोटोप मोजतानाच्या बाकी भानगडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, ४.३७ मायक्रॉनच्या आसपास चालणारा क्वांटम कॅस्केड लेझर (इन्फ्रारेड प्रकाश देणारा छोटा अर्धवाहक लेझर) आहे, मल्टिपास सेल (आरशांमुळे प्रकाश गॅसमधून अनेकदा जातो अशी बंद नळी) आहे, कार्बन डायऑक्साइडमधलं कार्बन-१३ आणि कार्बन-१२ चं गुणोत्तर मोजताय, गॅस दिवसभर एकाच सिलिंडरमधून येतोय आणि तरी डेल्टा (म्हणजे हे गुणोत्तर ठरलेल्या स्टँडर्डपेक्षा हजारात किती भागांनी वेगळं आहे तो आकडा) सकाळी उणे ८, दुपारी उणे १३ आणि रात्री परत उणे ८ दाखवतो. लेझर बिघडलाय का, आणि एवढा त्रास असेल तर सरळ मास स्पेक्ट्रोमीटरच का वापरू नये, असं विचारलंय.

लेझर बिघडलेला नाहीये. माझा अंदाज, आणि बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज, असा की तुमच्या सेलमधला गॅस दुपारी साधारण ०.२ केल्विनने गरम होतोय, बास, एवढंच. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, पण तो पटायला आधी थोडं मागे जावं लागेल. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं ते हे की लेझर हा सगळ्यात कमी त्रास देणारा भाग असतो, खरी भांडणं तापमान, दाब, काचा आणि सिलिंडर यांच्याशी होतात आणि नवीन माणूस नेमका लेझरच्याच मागे लागतो.

आधी मुळात रेषा, म्हणजे रेणू प्रकाश शोषतो त्या ठरावीक जागा, वेगळ्या का होतात ते (अशा रेषांचा गट म्हणजे पट्टी). रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेले गोळे, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. स्प्रिंग म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि अणुकेंद्रात एखादा न्यूट्रॉन जास्त आला म्हणून इलेक्ट्रॉनला फारसा फरक पडत नाही, म्हणजे स्प्रिंग तीच राहते, गोळा जड होतो आणि कंपन मंदावतं. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बन-१२ असेल तर कंपनाची पट्टी २१४३ वेव्हनंबरला (म्हणजे सेंटीमीटर इन्व्हर्स, एका सेंटीमीटरात किती लाटा मावतात ते, बोलताना आम्ही वेव्हनंबरच म्हणतो), कार्बन-१३ असेल तर २०९६ ला, म्हणजे सरळ ४७ चा फरक. आता हायड्रोजन क्लोराइड घ्या, क्लोरीन ३५ चा ३७ केला तरी फरक जेमतेम २ वेव्हनंबरचा, कारण तिथे नाचतो तो बिचारा हायड्रोजन, क्लोरीन जवळपास जागचा हलत नाही, मग तो किती जड आहे याला कोण विचारतो. उलट हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलं की २८८६ वरून थेट २०९१. मिथेनमध्ये ३०१९ च्या पट्टीत कार्बन बदलला तर फरक साधारण १० चा, कारण तिथेही मुख्यतः हायड्रोजनच हलतात. आणि तुमच्या कार्बन डायऑक्साइडच्या असममित ताणात (एक बंध लांबतो तेव्हा दुसरा आखडतो) मधला कार्बनच सगळ्यात जास्त इकडून तिकडे धावतो, म्हणून २३४९ वरून २२८३, तब्बल ६६. कुठला अणू बदलला यापेक्षा त्या कंपनात तो अणू किती हलतो हे महत्त्वाचं, एवढं डोक्यात ठेवलंत तर कुठल्याही नवीन रेणूच्या बाबतीत कुठे बघायचं याचा अंदाज आधीच येतो.

ही गोष्ट लेझरच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १९१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एल्मर आइम्सने हायड्रोजन क्लोराइडच्या पट्ट्या तोवरच्या मानाने फार बारकाईने मोजल्या, आणि १.७६ मायक्रॉनच्या ओव्हरटोन (मूळ कंपनाच्या साधारण दुप्पट वारंवारतेच्या) पट्टीत प्रत्येक रेषेला एक बारीकसा जोडीदार दिसत होता. १९२० मध्ये लूमिस आणि क्रॅट्झर या दोघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की हा जोडीदार म्हणजे क्लोरीन-३७. ऑक्सिजनचे १७ आणि १८ हे आयसोटोप तर १९२९ मध्ये जिऑक आणि जॉन्स्टन यांना वातावरणातल्या ऑक्सिजनच्या शोषणपट्टीतच सापडले, तोवर मास स्पेक्ट्रोग्राफला ते दिसलेले नव्हते. त्यामुळे कोणी म्हणालं की आयसोटोप हे मास स्पेक्ट्रोमीटरचंच काम, तर त्याला हे जरूर ऐकवा.

रेणूच्या फिरण्याचा भाग मला स्वतःला जास्त आवडतो म्हणून जरा रेंगाळते. साध्या कार्बन डायऑक्साइडमध्ये (डेटाबेसच्या भाषेत ६२६, म्हणजे ऑक्सिजन-१६, कार्बन-१२, ऑक्सिजन-१६) दोन्ही टोकांचे ऑक्सिजन हुबेहूब सारखे आणि त्यांचा न्यूक्लिअर स्पिन शून्य, त्यामुळे मूळ अवस्थेत फक्त सम जे (जे म्हणजे फिरण्याच्या पातळीचा क्रमांक) असलेल्या पातळ्याच अस्तित्वात असतात, विषम पातळ्या म्हणजे कमी भरलेल्या वगैरे नाहीत, त्या नाहीतच. म्हणून ६२६ च्या रेषा साधारण १.५६ वेव्हनंबरच्या अंतराने येतात. एका टोकाला ऑक्सिजन-१८ बसवला की, म्हणजे ६२८, दोन टोकं वेगळी झाली, सममिती मोडली आणि सगळे जे परत आले, अंतर साधारण ०.७४. म्हणजे स्पेक्ट्रमकडे नुसतं बघून कळतं की दाट दातांचा कंगवा ६२८ चा (किंवा ६२७ चा) आणि विरळ दातांचा ६२६ चा. आणि कार्बन-१३ वाला ६३६? तो सममितच आहे, वर कार्बन बरोबर वस्तुमानकेंद्रावर बसलेला, फिरताना तो जड आहे की हलका हे रेणूला जाणवतच नाही, म्हणून कंगवा अगदी ६२६ सारखाच, फक्त ६६ वेव्हनंबर खाली सरकवलेला. तुमचं अख्खं मोजमाप याच सरकलेल्या कंगव्यावर उभं आहे, कारण २२९० च्या आसपास ६३६ ची आर शाखा (पट्टीच्या मध्याच्या वरच्या बाजूच्या रेषा) चढताना आणि ६२६ ची पी शाखा (खालच्या बाजूच्या रेषा) उतरताना एकमेकींत मिसळतात आणि एकाच लेझरच्या छोट्याशा स्कॅनमध्ये दोन्हींची एक एक रेषा शेजारी शेजारी मिळते.

मास स्पेक्ट्रोमीटरबद्दल. निव्वळ अचूकतेत चांगला ड्युअल इनलेट (नमुना आणि स्टँडर्ड आळीपाळीने आत घेणारा) मास स्पेक्ट्रोमीटर अजूनही भारी आहे, ०.०१ ते ०.०२ पर मिलच्या (पर मिल म्हणजे हजारात एक भाग) घरात तो जातो आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला फक्त वजन कळतं. वस्तुमान ४५ वर कार्बन-१३ वाला रेणू बसतो आणि ऑक्सिजन-१७ वालाही बसतो, मग गणिताने एकातून दुसरा वजा करायचा. नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ४४, म्हणजे आधी रसायनाने किंवा क्रोमॅटोग्राफीने वेगळे करा. आणि नायट्रस ऑक्साइडमध्ये तर खरी गंमत आहे, एन-एन-ओ असा सरळ रेणू, त्यात नायट्रोजन-१५ मधे बसला किंवा टोकाला बसला तरी वजन तेच ४५. मास स्पेक्ट्रोमीटरला रेणू फोडून तुकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो आणि फोडताना दोन नायट्रोजनची थोडी अदलाबदल होतेच. लेझरला हा प्रश्नच पडत नाही, साधी पट्टी २२२४ ला, मधे बसलेल्याची २१७८ ला, टोकाला बसलेल्याची २२०२ ला, तीन वेगळ्या जागा. जमिनीतले जिवाणू अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून हा वायू बनवतात की नायट्रेट तोडून, हे या मधल्या आणि टोकाच्या फरकावरून बरंच कळतं. मिथेनचं पण तेच, एक कार्बन-१३ आणि एक ड्युटेरियम असलेला रेणू आणि दोन ड्युटेरियमवाला रेणू दोघांचं वजन १८, वेगळे करायला अवाढव्य रिझोल्यूशनचं मास स्पेक्ट्रोमीटर लागतं, लेझरला नाही. शिवाय लेझरचं यंत्र शेताच्या बांधावर, जहाजावर, विमानात नेता येतं आणि सेकंदाला रीडिंग देतं. त्यामुळे 'कुठलं चांगलं' यापेक्षा 'प्रश्न काय आहे' हे बघा. बाटलीत भरून आणलेले वीस नमुने आणि ०.०२ पर मिल हवं असेल तर बिनधास्त मास स्पेक्ट्रोमीटरकडे जा, मला वाईट वाटणार नाही.

आता डेल्टा. नमुन्यातलं गुणोत्तर भागिले स्टँडर्डचं गुणोत्तर, त्यातून १ वजा, गुणिले १०००, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यातला आकार बघा. हवेत ४०० पीपीएम (दहा लाखात ४०० भाग) कार्बन डायऑक्साइड धरलं तर त्यात कार्बन-१३ वाला साधारण ४.४ पीपीएम. १ पर मिल म्हणजे त्यातले ४.४ पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग). ०.१ पर मिल हवं म्हणजे ०.४४ पीपीबी इतका फरक ओळखायचा. दुसऱ्या बाजूने, शोषण ०.१ असेल तर ०.१ पर मिल म्हणजे शोषणात १ लाखात १ भाग. या पातळीवर सगळंच दिसायला लागतं, तुम्हाला बघायचं नसलेलंसुद्धा.

आणि इथे तुमचं तापमान येतं. कार्बन-१२ वाला कार्बन-१३ वाल्याच्या जवळपास ९० पट आहे. दोन्हींच्या सारख्याच जातीच्या, म्हणजे सारख्या जे च्या रेषा घेतल्या तर एक रेषा ९० पट खोल, ती डिटेक्टरला पार काळी करून टाकते आणि दुसरी जेमतेम दिसते. म्हणून सगळे करतात तेच तुम्ही (किंवा तुमचा सेटअप ज्याने बनवला त्याने) केलंय, कार्बन-१३ ची जोरकस रेषा, जे एक आकडी, आणि तिच्या शेजारची कार्बन-१२ ची अशक्त रेषा, जे साधारण ६० च्या आसपास. दोन्हींची खोली तुलना करण्याजोगी झाली, डिटेक्टर खूश. पण कार्बन-१२ ची ती रेषा अशक्त का आहे? कारण जे ६० ची पातळी साधारण १५०० वेव्हनंबर वर आहे आणि खोलीच्या तापमानाला तिथे फार थोडे रेणू पोचलेले असतात. तापमान वाढलं की आणखी पोचतात. म्हणजे ही रेषा अंगभूत थर्मामीटर आहे, आणि चांगला संवेदनशील थर्मामीटर आहे.

हिशोब अगदी सोपा आहे, एकदा स्वतः करून बघा. दोन रेषांच्या खालच्या पातळ्यांतला फरक भागिले (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमानाचा वर्ग). बोल्ट्झमन स्थिरांक वेव्हनंबरमध्ये ०.६९५, तापमान २९६ केल्विन, त्याचा वर्ग ८७६१६, गुणाकार साधारण ६०९००. पंधराशे भागिले ६०९०० म्हणजे ०.०२४६, म्हणजे दर केल्विनला साधारण २५ पर मिल. तुमचा डेल्टा ५ ने घसरला, ५ भागिले २५ म्हणजे ०.२ केल्विन. आणि दिशा पण जुळते बघा, दुपारी गरम झालं, कार्बन-१२ ची उंच पातळीवरची रेषा जोर धरते, कार्बन-१३ चं गुणोत्तर कमी भासतं, डेल्टा जास्त उणे होतो. म्हणून मी पहिल्याच वाक्यात लेझरला क्लीन चिट दिली.

तुम्ही म्हणाल सेलला थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) लावलाय आणि तो दिवसभर एकच आकडा दाखवतो. तो भिंतीला लावलाय ना? गॅस भिंतीच्या तापमानाला येईपर्यंत सेलमधून निघून गेला असेल तर थर्मिस्टर खरं बोलतोय आणि तुमचं मोजमापही खरं बोलतंय, फक्त दोघं वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. मी एकदा डेल्टात एक सुंदर लाट बघत बसले होते, साधारण वीस मिनिटांची, दोन दिवस लेझरचा करंट कंट्रोलर, त्याचा कूलर, लॉक, सगळं उलटसुलट केलं, आणि मग कंटाळून खुर्चीत मागे रेलले तेव्हा लक्षात आलं की दर वीस मिनिटांनी एसीचा कॉम्प्रेसर सुरू होण्याचा आवाज येतोय. इनलेटची स्टीलची नळी बरोबर एसीच्या झोताखालून गेली होती. तीन मीटर फोम गुंडाळला, सेलच्या आधी त्याच तापमान नियंत्रित पेटीत नळीची दोन-तीन वेटोळी ठेवली आणि लाट गेली. ०.१ पर मिल हवं असेल तर या रेषाजोडीला गॅसचं तापमान ४ मिलिकेल्विनच्या आत धरावं लागेल, हे अवघड आहे पण अशक्य नाही, पेटीच्या आत पेटी करावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे रेषाजोडीच बदलणं. खालच्या पातळ्या जवळजवळ सारख्या असलेली जोडी घेतली तर तापमानाचा प्रश्न मुळातच संपतो, पण ९० पटीचा प्रश्न परत उभा राहतो, त्यावर लोकांनी दोन वेगळ्या लांबीचे मार्ग वापरलेत, कार्बन-१२ साठी आखूड आणि कार्बन-१३ साठी लांब, मग दोन डिटेक्टर, दोन बेसलाइन (रेषा नसताना दिसणारी पार्श्वभूमी) आणि दोन्ही मार्गांतला गॅस खरंच सारखा आहे का ही नवीन चिंता. मधला मार्गही असतो, पातळ्यांतला फरक ४००-५०० वेव्हनंबरचा आणि खोलीतला फरक ९० पटीपेक्षा बराच कमी. माझं मत विचाराल तर तुमचा डिटेक्टर आणि डिजिटायझर चांगले असतील तर मधला मार्ग घ्या, कारण खोलीतला फरक गणिताने सांभाळता येतो, तापमान नाही. जोडी निवडताना ६२६ च्या हॉट बँडच्या (आधीच कंप पावणाऱ्या रेणूंच्या) रेषा आणि पाण्याच्या रेषा मधे कुठे लपल्यात ते बघायला विसरू नका, कार्बन-१३ च्या रेषेच्या खांद्यावर बसलेली एखादी फुसकी रेषा सुद्धा काही पर मिल खाऊन जाते आणि ती पण तापमानाबरोबर हलते.

दाबाचं थोडक्यात. २३०० वेव्हनंबरला खोलीच्या तापमानाला डॉप्लर रुंदी (रेणूंच्या धावण्यामुळे रेषेला येणारी) साधारण ०.००४, आणि एक वातावरण दाबाला टकरांमुळे येणारी रुंदी साधारण ०.१४, म्हणजे वातावरणाच्या दाबाला रेषा ३०-३५ पट फुगतात आणि शेजारणींत मिसळतात. म्हणून ३० ते १०० टॉरच्या आसपास (एक वातावरण म्हणजे ७६० टॉर) चालवतात, फार खाली गेलं तर रेणूच कमी होतात. दाब स्थिर ठेवा, इथे महागडा कंट्रोलर घेतलात तर पैसे वाया जात नाहीत.

सिलिंडरवर मात्र सविस्तर बोलते कारण यात माझे तीन आठवडे गेलेत. टकरांची रुंदी कोणाशी टक्कर होते यावर अवलंबून असते, नायट्रोजनशी टक्कर झाली तर रेषा जास्त रुंद, ऑक्सिजनशी झाली तर कमी. आणि उच्च जे च्या रेषा मुळातच कमी फुगतात, म्हणजे तुमच्या दोन रेषांवर मिश्रणाचा परिणाम सारखा होत नाही आणि गुणोत्तरात तो कटत नाही. आम्ही खऱ्या हवेचे नमुने मोजत होतो आणि कॅलिब्रेशनला एका पुरवठादाराकडून आलेली सिंथेटिक हवा, आमचे आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मास स्पेक्ट्रोमीटरशी काही केल्या जुळेनात, फरक अर्ध्या पर मिलच्या आसपास आणि दिवसेंदिवस तोच, म्हणजे गोंगाट नाही, शिस्तबद्ध चूक. शेवटी सिलिंडरचा कागद नीट वाचला तर सिंथेटिक हवा म्हणजे नुसता नायट्रोजन आणि ऑक्सिजन, त्यात आर्गॉन नाहीच, आणि ऑक्सिजनचं प्रमाण पण हवेपेक्षा जरा सरकलेलं. खऱ्या हवेत ०.९३ टक्के आर्गॉन असतो. खऱ्या हवेत बनवलेलं स्टँडर्ड आणलं आणि फरक गेला. तुमच्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड शुद्ध नायट्रोजनमध्ये असेल आणि नंतर हवा मोजायची असेल तर आत्ताच सांगते, त्यात पडू नका. पाण्याची वाफ पण अशीच, ती रेषा आणखी फुगवते, म्हणून गॅस आधी कोरडा करा.

आता फ्रिंज. दोन समांतर पृष्ठभाग दिसले की लेझरचा प्रकाश त्यात मागेपुढे करतो आणि बेसलाइनवर लाट उठते. लाटेचं अंतर म्हणजे १ भागिले (दुप्पट लांबी गुणिले अपवर्तनांक). ३ मिलिमीटर जाडीच्या कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडकीची लाट १ वेव्हनंबरहून रुंद असते, ती बेसलाइनच्या फिटमध्ये बऱ्यापैकी मुरते. पण लेझर आणि सेलच्या खिडकीत ५० सेंटीमीटर हवा असेल तर लाट ०.०१ वेव्हनंबरची, बरोबर तुमच्या रेषेच्या रुंदीची, आणि मग संगणकाला रेषा कुठली आणि फ्रिंज कुठली हे कळत नाही. वर ती लाट टेबल गरम झालं की सरकते. म्हणजे तापमान इथूनही आत शिरतं. खिडक्या वेज आकाराच्या (एका बाजूला किंचित जाड) घ्या, तिरक्या बसवा, आणि शक्य असेल तर एखादा आरसा पिझोवर (विजेने सूक्ष्म हालणाऱ्या स्फटिकावर) हलवत ठेवा म्हणजे लाट सरासरीत पुसली जाते.

आणि हो, लेझरपासून सेलपर्यंतचा तो उघडा रस्ता. ४.३ मायक्रॉनच्या भागात खोलीतली हवा स्वतःच जबरदस्त शोषते, आणि तुम्ही श्वासातून साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता, म्हणजे हवेच्या १०० पट. मी सेटअपवर वाकून आरसा जुळवत असताना एक मुलगी स्क्रीनकडे बघून ओरडली होती की डेल्टा वेडा झालाय, मी बाजूला झाले की ठीक, परत वाकले की वेडा. रस्ता पेटीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडल्याशिवाय यातून सुटका नाही. तुम्ही दुपारी प्रयोगशाळेत किती जण असता? तुमच्या ५ पर मिलपैकी काही भाग माणसांचा पण असू शकतो, हे मी ०.२ केल्विनच्या अंदाजाला स्वतःच घातलेलं शेपूट समजा.

यंत्राच्या जातींबद्दल फार लिहीत नाही. पूर्वी लेड सॉल्टचे डायोड होते, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचे आणि रोज वेगळे वागायचे. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये फाइस्ट, कपासो आणि सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेझर बनवला आणि पुढे तो खोलीच्या तापमानाला चालायला लागल्यावर चित्र पालटलं. दुसरी वाट म्हणजे कॅव्हिटी रिंग-डाउन, १९८८ मध्ये ओ'कीफ आणि डीकन यांनी दाखवलेली, दोन आरशांत प्रकाश कोंडायचा आणि तो किती वेळात विझतो ते मोजायचं. आरसा ९९.९९५ टक्के परावर्तक आणि लांबी २५ सेंटीमीटर असेल तर प्रकाशाचा प्रभावी रस्ता ५ किलोमीटर आणि विझण्याचा वेळ साधारण १७ मायक्रोसेकंद. त्यामुळे जवळच्या इन्फ्रारेडमधल्या अशक्त रेषा आणि स्वस्त टेलिकॉम लेझर चालतात, आणि लेझरची तीव्रता हलली तरी वेळेला फरक पडत नाही. फ्लॉरेन्सच्या गटाने तर २०११ मध्ये याच तत्त्वाला संपृक्ततेची जोड देऊन कार्बन-१४ वाला कार्बन डायऑक्साइड मोजून दाखवला, जो लाख कोटीत एखादाच असतो. आणि क्युरिऑसिटी रोव्हरच्या पोटात २०१२ पासून मंगळावर एक ट्यूनेबल लेझर स्पेक्ट्रोमीटर आहे, त्याने तिथल्या कार्बन डायऑक्साइडचा कार्बन डेल्टा अधिक ४६ च्या आसपास मोजला, आपल्या हवेचा साधारण उणे ८.५ आहे. तिथल्या रात्री-दिवसाच्या तापमानाचा विचार केला की आपल्या एसीबद्दल तक्रार करायची लाज वाटते.

आकडेमोडीत दोन चुका इतक्यांदा बघितल्यात की सांगतेच. हायट्रान डेटाबेसमधल्या (वायूंच्या शोषणरेषांची जागतिक यादी) रेषांच्या तीव्रतेत नैसर्गिक प्रमाण आधीच गुणलेलं असतं, त्याला परत ०.०११ ने गुणू नका. आणि त्या तीव्रतांची अचूकता चांगल्या रेषांना टक्क्याच्या पातळीची असते, १ टक्का म्हणजे १० पर मिल, म्हणून नुसत्या हायट्रानवरून निघालेला डेल्टा हा डेल्टा नाहीच, तो स्टँडर्डशी तुलना केल्यावरच होतो. स्टँडर्ड एक पुरत नाही. वेगळ्या डेल्टाचे दोन तरी हवेत, आणि सारख्याच डेल्टाचे पण वेगळ्या संहतीचे दोन, कारण बेसलाइनमध्ये ४.४ पीपीबी इतकी अढळ चूक असेल तर ४०० पीपीएमला ती १ पर मिल दाखवते आणि ८०० ला अर्धी, म्हणजे संहती बदलली की डेल्टा आपोआप हलतो आणि माणूस त्यातून झाडांचं श्वसन शोधत बसतो.

तर तुम्ही आता एवढं करा. लेझरला हात लावू नका. नळीतल्या गॅसच्या प्रवाहातच, सेलच्या तोंडाशी, एक बारीक थर्मिस्टर घाला, मिलिकेल्विन दिसेल असा वाचायचा, आणि २४ तास तोच सिलिंडर चालू ठेवून दर मिनिटाला तापमान आणि डेल्टा दोन्ही लिहून ठेवा. एकावर दुसरं काढा. उतार केल्विनला उणे २५ च्या जवळपास आला तर नळीला फोम आणि पेटी. उतार बराच वेगळा आला, किंवा ठिपके रेषेवर न बसता वर्तुळात फिरत राहिले, तर ते फ्रिंजचं लक्षण, मग सेल पंपाने पूर्ण रिकामा करून नुसत्या बेसलाइनचा स्पेक्ट्रम सकाळी आणि दुपारी घ्या, एकातून दुसरा वजा करा आणि जे उरेल त्यातल्या लाटेचं अंतर मोजून सांगा, त्यावरून कुठल्या दोन पृष्ठभागांत ती लाट उठतेय ते काढता येईल.